ज्याच्या सुऱ्या कापत नव्हत्या तो हॅरी, आणि केसाएवढ्या स्टीलच्या नळीचं फिनिश

घरात कुणाला डायबिटीस असेल तर इन्सुलिन पेनची सुई तुम्ही पाहिली असेलच. एकदा फोनचा कॅमेरा मॅक्रोवर टाका आणि तिच्याकडे नीट बघा. ३२ गेजची सुई बाहेरून फक्त ०.२३ मिमी जाड असते, आणि तरीही ती आतून पोकळ असते. म्हणजे ती सुई नाहीच, ती स्टेनलेस स्टीलची नळी आहे. इंजिनीअर लोक अशा बारीक नळीला कॅपिलरी ट्यूब म्हणतात.

आता प्रश्न असा, की या नळीचा पृष्ठभाग कसा असावा? चकचकीत की मॅट? ऍसिडमधून काढलेला की भट्टीतून आला तसाच? वाटतं तेवढा हा दिसण्याचा प्रश्न नाही. स्टेनलेस स्टील गंजत नाही याचं कारणच मुळी त्याच्या पृष्ठभागावर बसलेलं आहे. आणि ही गोष्ट ज्या माणसाला सगळ्यात महागात शिकावी लागली, तो म्हणजे हॅरी ब्रिअर्ली. आज त्याचीच गोष्ट सांगतो. नळीकडे शेवटी परत येऊच.

बाटल्या धुणारा पोरगा

हॅरीचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ चा, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा. शेफिल्ड म्हणजे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. आपल्याकडे इचलकरंजी म्हटलं की कापड डोळ्यांसमोर येतं, तसं तिथे शेफिल्ड म्हटलं की स्टील. वडील पोलाद वितळवणाऱ्या भट्टीवर कामगार. नऊ भावंडांतला हॅरी आठवा. घर म्हणजे एका चाळवजा अंगणातली अगदी लहान जागा, आणि पैशांची कायमची ओढाताण.

बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा वडिलांच्याच कारखान्यात, थॉमस फर्थ अँड सन्समध्ये, मजुरीला लागला. थोड्याच दिवसांत त्याला कंपनीच्या केमिकल लॅबमध्ये टाकलं. काम काय, तर बाटल्या धुणे. पण लॅबचा प्रमुख जेम्स टेलर हा मोठा माणूस निघाला. पोराला गणित येत नाही म्हटल्यावर त्याने शिकायला लावलं, हाताने कामं करायला लावली, पुस्तकं वाचायला लावली. हॅरी दिवसा लॅबमध्ये आणि रात्री अभ्यासाला. डिग्री नाही, कॉलेज नाही. हळूहळू तो स्टीलचं रासायनिक विश्लेषण करण्यात इतका तयार झाला, की १९०२ साली त्या विषयावरचं पुस्तकच त्याने एका सहलेखकाबरोबर छापलं. बाटल्या धुणाऱ्याने लॅबवाल्यांसाठी पुस्तक लिहिलं, हे मला तरी स्टेनलेसच्या शोधाइतकंच भारी वाटतं.

१९०४ मध्ये तो रिगाला गेला. आजच्या लॅटव्हियाची राजधानी, तेव्हा रशियन साम्राज्यात होती. फर्थ कंपनीचा तिथे कारखाना होता. १९०५ ची रशियातली उलथापालथ त्याने तिथेच पाहिली आणि त्याच गडबडीत केमिस्टचा मॅनेजर झाला. तिथे त्याचं लक्ष एका गोष्टीवर पक्कं बसलं: स्टीलमध्ये काय काय घातलंय हे अर्धंच काम आहे, ते किती तापवलं आणि कसं थंड केलं, यावर उरलेलं सगळं ठरतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९०८ मध्ये फर्थ आणि शेजारची जॉन ब्राऊन कंपनी, दोघींनी मिळून एक संशोधन प्रयोगशाळा काढली, आणि तिचा प्रमुख म्हणून हॅरीला परत बोलावलं.

बंदुकीची नळी आणि न खरवडणारं स्टील

१९१२ मध्ये बंदुका बनवणाऱ्यांकडून एक तक्रार आली. गोळीबाराच्या उष्णतेने आणि वायूंनी रायफलच्या नळ्या आतून झिजून जात होत्या. तक्रार गंजाची नव्हती, झिजेची होती. हॅरीने विचार केला, क्रोमियम जास्त घातलेलं स्टील जास्त तापमानाला वितळतं, तर ते बघू. वेगवेगळ्या प्रमाणांची मिश्रणं ओतायला सुरुवात झाली. १३ ऑगस्ट १९१३ ला इलेक्ट्रिक भट्टीत जो ओत निघाला, त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता.

इथे एक फेमस गोष्ट सांगितली जाते, की भंगाराच्या ढिगात सगळे तुकडे गंजले आणि एकच चमकत राहिला, तो हॅरीच्या नजरेस पडला. रील बनवायला मस्त आहे. पण जास्त पटणारी हकिकत वेगळी आणि थोडी बोअरिंग आहे. स्टीलच्या आतले कण मायक्रोस्कोपखाली बघायचे असतील तर आधी तुकडा आरशासारखा पॉलिश करतात आणि मग त्यावर अल्कोहोलमध्ये मिसळलेलं नायट्रिक ऍसिड लावतात. ऍसिड पृष्ठभाग थोडा खातं, आणि आतली रचना दिसायला लागते. याला एचिंग म्हणतात. हॅरीच्या या नव्या तुकड्यांना एचिंगच होईना. ऍसिड लावलं तरी पृष्ठभाग जसाच्या तसा.

दुसऱ्या कुणी वैतागून तुकडा फेकून दिला असता. हॅरी शेफिल्डचा. त्याच्या डोक्यात लगेच ताटातली सुरी आली. त्याने व्हिनेगर लावून पाहिलं, लिंबाचा रस लावून पाहिला. डाग नाही! त्या काळात साध्या स्टीलच्या सुऱ्या प्रत्येक जेवणानंतर घासून-पुसून ठेवाव्या लागत, नाहीतर काळ्या पडत. आपल्याकडे पितळेच्या भांड्यात आमटी किंवा ताक ठेवायचं तर आधी कल्हई लागायची, तसाच हा त्यांचा रोजचा त्रास होता. आणि इथे एक स्टील समोर होतं ज्याला कल्हईची गरजच नव्हती. खरं सांगायचं तर ते आपली कल्हई आपणच लावून घेत होतं.

बरं, पण हे होतं कसं?

क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी चटकन जुळतं आणि पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर तयार होतो. हा थर काही नॅनोमीटरचाच असतो. तुमचा केस साधारण ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. डोळ्यांना तो दिसतच नाही, धातूची चमक आरपार दिसते. साधा लोखंडी गंज भुसभुशीत असतो, त्याच्या फटींतून पाणी आत जातं आणि पुढचं लोखंड खातं. हा थर मात्र घट्ट आणि सलग. ओरखडा पडला तर ऑक्सिजन मिळताच पुन्हा भरून निघतो. फोनचा स्क्रीनगार्ड स्वतःचं स्वतः बदलतोय अशी कल्पना करा.

अट एकच: पृष्ठभागाजवळ क्रोमियम पुरेसं मोकळं असलं पाहिजे, साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर. 'मोकळं' हा शब्द महत्त्वाचा. हॅरीच्या स्टीलमध्ये कार्बनही होता, आणि कार्बनला क्रोमियम फार आवडतं. स्टील नरम अवस्थेत असेल तर दोघं मिळून कार्बाइडचे कण करून बसतात, आणि तेवढं क्रोमियम अडकून पडतं. तेच स्टील हजार डिग्रीच्या आसपास तापवून पटकन थंड केलं, तर ते कण विरघळतात आणि क्रोमियम सगळीकडे पसरतं. म्हणजे घटक तेच, टक्केवारी तीच. पण एक तुकडा डागाळतो आणि दुसरा नाही. त्यातही भट्टीतून काढल्यावर वर काळी खपली असते, आणि तिच्या खालच्या पातळ पट्ट्यात क्रोमियम कमी झालेलं असतं. ती खपली आणि तो पट्टा दोन्ही घासून काढल्याशिवाय खरं स्टेनलेस वर येतच नाही. म्हणूनच हॅरीच्या पेटंटमध्ये हे स्टील कडक करून पॉलिश करण्यावर भर आहे.

सुऱ्या ज्या कापत नव्हत्या

हॅरीने कंपनीला लिहून कळवलं, की हे स्टील सुऱ्या-चमच्यांसाठी वापरा. साहेबांना रस नव्हता. बंदुकीच्या नळीसाठी त्याचा उपयोग दिसत नव्हता, मग त्यांच्या दृष्टीने विषय संपला. हॅरीने हट्टाने थोडं स्टील गावातल्या सुऱ्या बनवणाऱ्यांकडे पाठवलं. उत्तर आलं, की हे नीट घडवता येत नाही, घासता येत नाही, कडक होत नाही आणि धार तर अजिबात राहत नाही. गावात त्याची टिंगल सुरू झाली. न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा माणूस म्हणून.

आता आपल्याला कळतं चूक कुठे होती. कारागीर पिढ्यानपिढ्या साधं स्टील जेवढं तापवत आले होते, तेवढंच यालाही तापवत होते. ते तापमान या स्टीलला फारच कमी होतं. त्यामुळे पातं मऊ राहिलं, धार बसली नाही, आणि क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकल्यामुळे डाग न पडण्याचा गुणही अर्धवटच राहिला. स्टील चांगलं होतं, त्याला वागवायची पद्धत जुनी होती. रिगात शिकलेलं इथे उपयोगी पडणार होतं, पण ऐकून कोण घेणार?

ऐकून घेतलं अर्नेस्ट स्टुअर्टने. आर. एफ. मोस्ली नावाच्या कारखान्यात तो सुऱ्यांचं काम बघायचा. गंजत नाही असं स्टील असूच शकत नाही, असं आधी त्यालाही वाटत होतं. मग त्याने व्हिनेगरमध्ये पातं ठेवून पाहिलं आणि मत बदललं. त्याच्याही पहिल्या खेपा बिघडल्याच. शेवटी हॅरी स्वतः समोर उभा राहिला, किती तापवायचं ते दाखवलं, आणि सुऱ्या जमल्या. एक गंमत बघा: हॅरी या स्टीलला 'रस्टलेस' म्हणजे न गंजणारं म्हणत होता. 'स्टेनलेस', म्हणजे डाग न पडणारं, हे नाव स्टुअर्टकडून आलं. जेवणाच्या टेबलावर बसणाऱ्या गिऱ्हाईकाला काय हवंय, हे दुकानदारीतल्या माणसाला बरोबर कळलं.

हक्क कुणाचा?

सुऱ्या जमल्यावर कंपनीला एकदम जाग आली. शोध आपल्या लॅबमधला, तेव्हा मालकी आपली, असा त्यांचा पवित्रा. हॅरीचं म्हणणं, की करारात निम्मा वाटा ठरलेला आहे आणि कटलरीची कल्पना तर तुम्ही नाकारलीच होती. वाद टोकाला गेला आणि ज्या कारखान्यात तो बाराव्या वर्षी आला, ज्यात वडील राबले, तिथून त्याने राजीनामा दिला. १९१५ मध्ये तो शेफिल्डमधल्याच ब्राऊन बेलीज कंपनीत गेला.

इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेलं नव्हतं. पण जॉन मॅडॉक्स नावाच्या एका वयस्क गृहस्थाच्या मदतीने त्याने अमेरिकेत १९१५ साली अर्ज केला आणि १९१६ च्या सप्टेंबरमध्ये पेटंट मिळालं: ९ ते १६ टक्के क्रोमियम आणि ०.७ टक्क्यांहून कमी कार्बन. पेटंट हातात आल्यावर फर्थवाले बोलायला आले, आणि १९१७ मध्ये दोन्ही नावांची एक संयुक्त संस्था निघाली. तोवर पहिलं महायुद्ध चालू होतं आणि हे स्टील सुऱ्यांऐवजी विमानांच्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये जात होतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हॅरी एकटा नव्हता. क्रोमियम घातलेलं लोखंड ऍसिडला दाद देत नाही, हे फ्रान्सच्या बर्टिएने १८२१ मध्येच पाहिलं होतं. अमेरिकेत एल्वुड हेन्सने पेटंटसाठी स्वतंत्र दावा केला होता. आणि जर्मनीत क्रुप कंपनीच्या श्ट्राउस आणि माउरर यांनी १९१२ मध्येच क्रोमियमबरोबर निकेल घातलेल्या वेगळ्या जातीचं पेटंट घेतलं होतं. 'शोध कुणी लावला' या प्रश्नावर लोक इंटरनेटवर अजून भांडतात. माझं मत विचाराल तर धातू बऱ्याच जणांनी पाहिला. पण तो लोकांच्या हातात पडेल असा कसा तापवायचा आणि कसा घासायचा, हे हॅरीने चिकाटीने करून दाखवलं.

नळी कुठून आली?

हॅरीचं स्टील सुरीला उत्तम, पण त्याची कॅपिलरी ट्यूब ओढणं कठीण. नळी बारीक करायची म्हणजे जाड नळी थंड अवस्थेत लहान-लहान छिद्रांच्या साच्यांतून, म्हणजे डायमधून, पुन्हापुन्हा ओढायची. त्यासाठी धातू लवचिक हवा. तो आला हॅरीच्याच जुन्या लॅबमधून. त्याच्यानंतर तिथे बसलेल्या विल्यम हॅटफिल्डने १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं मिश्रण आणलं. तुमच्या घरच्या डब्यांवर किंवा जाहिरातीत '१८/८' दिसतं ना, तेच. आजचं ३०४ ग्रेड त्याच घराण्यातलं. यात थोडं मॉलिब्डेनम घातलं की ३१६, जे मिठाला आणि क्लोराइडला जास्त टिकतं.

त्याआधी इंजेक्शनच्या सुया साध्या स्टीलच्या असत, वर निकेलचा मुलामा. आतून गंजून बंद पडू नयेत म्हणून वापर झाला की आत बारीक तार घालून ठेवावी लागे. मुलामा बाहेर बसायचा, खरी अडचण आतल्या भोकात असायची. आज फिनिश निवडतानाही नेमकी हीच अडचण पुढे येते.

पहिला पर्याय, नळी ओढून झाल्यावर ती हायड्रोजनच्या भट्टीत तापवून नरम करणे. याला ब्राइट ऍनीलिंग म्हणतात. आत ऑक्सिजन नसल्यामुळे काळी खपली धरतच नाही, आतून-बाहेरून नळी चकचकीत निघते. हवेत तापवली असती तर खपली काढायला ऍसिडमध्ये बुडवावी लागली असती, म्हणजे पिकलिंग. बारीक भोकात ऍसिड घालणं जितकं अवघड, तितकंच ते पूर्ण धुऊन काढणं. म्हणून कॅपिलरीला पहिली पसंती ब्राइट ऍनीलिंगला. पण एक लक्षात घ्या, चकाकी म्हणजे गुळगुळीतपणा नव्हे. डायमधून ओढताना पडलेल्या बारीक रेघा तशाच राहतात.

दुसरी पायरी पॅसिव्हेशनची. नायट्रिक किंवा सायट्रिक ऍसिडने पृष्ठभागावर चिकटलेले लोखंडाचे मोकळे कण काढून टाकायचे, जेणेकरून ऑक्साइडचा थर सलग बसेल. हो, सायट्रिक म्हणजे लिंबातलंच! हॅरीने लिंबाने स्टीलची परीक्षा घेतली होती, आपण त्याच ऍसिडने ते तयार करतो. यात माप बदलत नाही, चमकही बदलत नाही. फोटो काढून दाखवण्यासारखं काहीच घडत नाही, म्हणून पैसे वाचवायला ही पायरी गाळण्याचा मोह होतो. माझ्या मते तरी ही शेवटी गाळायची गोष्ट आहे.

तिसरा पर्याय इलेक्ट्रोपॉलिशिंग. हे उलट्या मुलाम्यासारखं: वीज सोडून पृष्ठभागावरचे उंचवटे आधी विरघळवायचे. खडबडीतपणा साधारण निम्म्यावर येतो, कापलेल्या टोकाचे कंगोरे जातात, वर क्रोमियमचं प्रमाण वाढतं. सुईच्या टोकाला हे फार उपयोगाचं, कारण कंगोरा राहिला तर तो कातडीत दुखतो. पण नळीच्या आत हे करायचं तर भोकातून कॅथोडची तार मधोमध न्यावी लागते. भोक जितकं बारीक, तितकं हे काम नाजूक आणि महाग. शिवाय धातू विरघळतोय म्हणजे भोक मोठं होतंय. संथ वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. भोक फक्त १० टक्क्यांनी मोठं झालं, तर त्याच दाबाला प्रवाह ४६ टक्क्यांनी वाढतो! औषध मोजून देणाऱ्या यंत्रात हे चालेल का?

त्यामुळे निवड कामावर ठरते. औषधांच्या तपासणीच्या एचपीएलसी यंत्रात ३१६ ची १.६ मिमी जाडीची नळी असते, भोक ०.१२ ते ०.२५ मिमी. तिथे आतला गुळगुळीतपणा आणि टोकाचा स्वच्छ काप याला पैसे मोजायचे, बाहेरची चमक सोडून द्यायची. इंजेक्शनच्या सुईला बाहेरची बाजू महत्त्वाची. तिच्यावर तर पॉलिशनंतर सिलिकॉनचा हातही मारतात, घर्षण कमी व्हावं म्हणून. आणि नळी नुसती तापमापकाची तार झाकायला असेल, तर ब्राइट ऍनील केलेली पुरे. तिला आरसा करून मिरवायची गरज नाही.

शेवटची वर्षं

१९२० मध्ये हॅरीला बेसेमर सुवर्णपदक मिळालं, पोलादाच्या क्षेत्रातला मोठा सन्मान. पैसाही मिळाला. पण लॅबच्या आकड्यांपेक्षा, मोडलेल्या तुकड्याकडे बघून स्टील ओळखणाऱ्या भट्टीवाल्यांवरच त्याचा जीव राहिला. १९३३ साली त्याने पुस्तक लिहिलं तेही पोलाद बनवणाऱ्या माणसांबद्दल. १९३९ मध्ये शेफिल्ड शहराने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. १९४१ मध्ये त्याने आत्मचरित्र छापलं आणि त्याच साली एक धर्मादाय ट्रस्टही काढला. हेतू हा, की साध्या घरातल्या माणसांना शिकायची, फिरायची, चांगलं काही पाहायची संधी मिळावी.

१४ जुलै १९४८ ला तो टॉर्कीला वारला. टॉर्की हे इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्रकाठचं गाव. खारी हवा ही हॅरीच्या १३ टक्केवाल्या स्टीलची कच्ची बाजू. तिथे त्याला बारीक खड्डे पडतात, मॉलिब्डेनमवालं ३१६ लागतं. तेही खरबरीत ब्रश फिनिशचं घेतलं तर रेघांत मीठ साचून चहासारखे तपकिरी डाग येतात. मुंबईत किंवा रत्नागिरीत समुद्रासमोरच्या बाल्कनीत स्टीलचं रेलिंग असेल, तर जवळ जाऊन बघा. डाग दिसले तर बोट फिरवा, रेघा बहुतेक बोटाला लागतील.